अंजिराखालचा हात

लिफ्टमध्ये आरशाच्या शेजारी कोणीतरी एक कागद चिकटवला होता. त्यावर छापलेली बाग ती वर जाईपर्यंत पाहत राहिली आणि तिला ती ओळखू आली नाही; खालचा पत्ता वाचला तेव्हा कळलं, ही तर आपली बाग. आपली म्हणजे मागच्या बंगल्याची. पण जी बाग रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पाहायची, जिच्यातलं कोणतं झाड कधी छाटलं हे झोपेतसुद्धा सांगता येईल, ती अशी समोर आली तर ओळखू नये, याचं तिला इतकं वाईट वाटलं की लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, कोणी उतरत नाही असं पाहून बिचारं मिटलं, आणि ती भाजीची पिशवी धरून पुन्हा तळमजल्यावर येऊन पोचली. तिथे उभ्या असलेल्या बाईंनी "वर ना?" असं विचारलं. तिने मान हलवली. वर जाताना तिने तो कागद नीट वाचला. या भागातले बंगलेवाले दर वसंतात एक रविवार आपापली फाटकं उघडी ठेवत. लोक तिकीट काढून मनगटाला कागदी पट्टी बांधून घेत, या बागेतून त्या बागेत हिंडत, दुसऱ्यांच्या गुलाबांचे फोटो काढत आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या गॅलरीतल्या दोन कुंड्यांवर उगाच चिडत. ती कधी गेली नव्हती. पण यंदा मागचा बंगला पहिल्यांदाच त्यात होता, अगदी शेवटी, आणि त्याच्याच बागेचा फोटो छापला होता. फरशीची वाट, एक बाकडं, वर पसरलेलं अंजिराचं झाड. फोटो जमिनीवरून काढला होता, एवढीच काय ती गोष्ट होती. पण घरात शिरून दिवा लावेपर्यंत ती गोष्ट तिच्या छातीवर बसून राहिली.

ती बाग तिने फक्त वरून पाहिली होती. सहाव्या मजल्यावरून झाडाला खोड नसतं आणि माणसाला नाक नसतं. झाड म्हणजे एक हिरवा गोळा, आणि माणूस म्हणजे डोकं, दोन खांदे आणि मागेपुढे होणारी पावलं. त्या बंगल्यातल्या बाई म्हणजे रुंद काठाची गवती टोपी. त्यांचे यजमान म्हणजे एक टक्कल, मागच्या बाजूला थोडं तांबूस, डावीकडे एक काळा डाग असलेलं. हे टक्कल तिला जगातल्या कुठल्याही टकलांच्या घोळक्यातून ओळखता आलं असतं. पण ते गृहस्थ गल्लीत समोरून आले असते, तर ती खुशाल बाजूने निघून गेली असती, आणि बहुधा गेलीही असेल. तिचं कामही असंच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती मायक्रोस्कोपवर वाकून दिवसभर लोकांच्या रक्ताकडे वरून बघे. जांभळ्या रंगात रंगवलेल्या पेशी, गुलाबी तबकड्यांच्या गर्दीत मध्येच एखादी टपोरी. कोणाला जंत झालेत, कोणाचं रक्त उतरलंय, कोणाच्या घरी उद्या रडारड होणार आहे, हे तिला त्या माणसाच्या आधी कळे. पण दंडाला पट्टा बांधून सुई टोचणारे वेगळे होते. माणूस त्यांच्या वाट्याला येई, तिच्या वाट्याला काचेवरचा एक थेंब. पूर्वी तिला यात काही खटकत नसे. उलट, माणसांपेक्षा त्यांचं रक्त कमी बडबडतं, असं ती गमतीने म्हणायची. म्हणायची म्हणजे आईपाशी. आई हसायची आणि म्हणायची, तुझ्या बापाचंही रक्त बडबडत नव्हतं, तोंड काय ते बडबडायचं.

आई गेली तेव्हा धाकटा आठ-दहा दिवस येऊन राहिला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आता चाळिशी ओलांडून केस पांढरे झाले तरी घरात तो धाकटाच. तो परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सवयीने पहाटे उठली, सवयीने दोन कप चहा टाकला, आणि मग ते दोन कप घेऊन काय करावं हे न सुचून मागच्या खोलीत, आईच्या खोलीत, खिडकीशी जाऊन उभी राहिली. ही खोली आजारपणाच्या वासाने भरलेली होती, पण खिडकी बंदच ठेवायची असं आईने लावलेलं वळण होतं, धूळ येते म्हणून. काचेतून खाली बाग दिसत होती. अंजिराखालून ते टक्कल बाहेर आलं, मागे झुकलं, म्हणजे त्याच्या धन्याने वर पाहिलं, सरळ तिच्या खिडकीकडे पाहिलं, आणि उजवा हात वर केला. घाईने नाही. सावकाश, जेवढा जाईल तेवढा वर, आणि तिथे थोडा वेळ थांबवला. तिच्या दोन्ही हातांत कप होते. तिने एक कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आपला हात वर केला. त्यांनी हात खाली घेतला. मग पुन्हा वर केला, जणू 'दिसलीस बरं का' असं सांगायला. तेव्हा तिला रडू आलं. आई गेल्यापासून घरात माणसांची रीघ होती, धीर धर म्हणणारे होते, खा म्हणणारे होते, आणि त्यांच्यादेखत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं; एका परक्या म्हाताऱ्याने सहा मजले खालून हात वर केला आणि ती आईच्या रिकाम्या पलंगावर बसून हमसून हमसून रडली. त्यांना कसं कळलं असेल, हे कोडं तिने फार उकललं नाही. कळलं असेल. दोनेक वर्षं आईची खुर्ची याच खिडकीशी असायची. खुर्ची रिकामी दिसली असेल.

त्याला आता सहा-सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिच्या सकाळीला एक खुंटी मिळाली होती आणि उरलेला दिवस तिला अडकवलेला असे. मनातल्या मनात ती त्यांना 'सकाळवाले' म्हणे. ते हात वर करीत, ती करी. ते पुन्हा करीत, ती पुन्हा करी. काही वेळा ते फारच वेळा करीत आणि तिला हसू येई, की पुरे आता, मला कामावर जायचंय. एकदा तिला ताप आला आणि सलग चार सकाळी उठताच आलं नाही, तेव्हा आपल्या तापापेक्षा खाली कोणीतरी काळजीत असेल याचीच तिला जास्त काळजी वाटली. पाचव्या दिवशी भिंतीला धरून ती खिडकीशी गेली, आणि त्यांनी हात वर केला तो नेहमीपेक्षा उंच होता, याबद्दल तिला आजही शंका नाही. थंडीत त्यांना दिसावी म्हणून तिने मोहरीच्या रंगाची जाडजूड शाल आणली. लॅबमध्ये मुख्य बाईंनी बोलावून नवीन शाखा सांभाळशील का विचारलं, मोठी जागा, हाताखाली माणसं, फक्त सकाळी उजाडायच्या आत निघावं लागेल. तिने विचार करते म्हणून सांगितलं आणि विचार न करताच दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं. मुख्य बाईंनी कपाळाला हात लावला. आता त्या शाखेवर तिच्याकडूनच काम शिकलेली मुलगी बसते आणि फोनवर तिला "मॅडम, लवकर पाठवा ना स्लाइडी" असं दटावते. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. आपल्याला माणूस आहे, असं तिला वाटे. मोठ्याने म्हणण्यासारखं नसलं तरी आहे.

मोठ्याने म्हणायची वेळ धाकट्याने आणली. त्याने आपल्या गावात घरावर एक खोली चढवली होती, स्वतंत्र जिना, मोठी खिडकी, आणि ती खोली तिच्यासाठी आहे असं तो कधीपासून म्हणत होता. आधी आडून, मग सरळ. "ताई, तिथे कोण आहे तुझं?" असं त्याने एकदा विचारलं, आणि ती चटकन म्हणून गेली, "आहेत की. मागच्या बंगल्यातले काका आहेत. रोज सकाळी चौकशी करतात." हे अगदीच खोटं नव्हतं. पण धाकट्याला त्यामुळे इतकं हायसं वाटलं, की दर रविवारी फोनवर तो आधी तिची आणि मग काकांची खबर विचारू लागला, आणि तिलाही काकांबद्दल काही ना काही सांगावं लागे. काकांनी झाडं छाटली, काकू माहेरी गेल्यात वाटतं, काका जरा थकल्यासारखे दिसतात. मात्र गेल्या आठवड्यात त्याने पाचर मारली. त्याची मुलगी मोठी झाली होती, त्या खोलीवर डोळा ठेवून बसली होती, तिने गादी वर नेऊनसुद्धा ठेवली होती. "तू येणार असशील तर पोरीला मी खाली आणतो, रडली तरी चालेल," तो म्हणाला. "पण नक्की काय ते रविवारी सांग. काकांना सोडून यायचं जिवावर येतं, हे कळतंय मला. पण तूच बघ." रविवार म्हणजे बागांचाच रविवार. तिने कागदाकडे पाहिलं होतं तेव्हाच तिच्या मनात ठरलं होतं: जायचं, समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी वरची. त्यांच्या तोंडावर ओळख पसरेल. ते बायकोला हाक मारतील, अगं बघ कोण आलंय. मग संध्याकाळी धाकट्याला सांगता येईल की नाही रे, इथेच बरी आहे मी, पोरीला खुशाल खोली दे.

रविवारी चांगलंच ऊन होतं, तरी ती शाल घेऊन निघाली. ओळखायला एवढी एकच खूण होती. पहिल्या बंगल्याच्या फाटकाशी छत्रीखाली बसलेल्या बाईंनी "किती जण?" असं विचारलं, तिने "एक" म्हटलं, आणि त्या बाईंनी तिच्यामागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं. मनगटाला पिवळी पट्टी बांधताना त्या म्हणाल्या, "मागून येतायत का कोणी?" "नाही, मी एकटीच." "बरंय ना मग, निवांत बघता येईल," बाई म्हणाल्या, पण आवाज आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा होता. ती सरळ शेवटच्या बंगल्यात जाऊ शकली असती. पण तिला थोडा वेळ हवा होता, म्हणून रांगेने सगळ्या बागा करायच्या असं तिने ठरवलं. एका दातांच्या डॉक्टरांकडे नुसती काटेरी निवडुंगं होती, ओळीने, लहानमोठी, आणि डॉक्टर प्रत्येकाच्या मुळांबद्दल बोलत होते. एका घरी हिरवळ इतकी निगुतीने राखली होती की तिच्यावर कोणाला पाय ठेवायची परवानगी नव्हती. लोक कडेच्या फरशीवरून, एकामागे एक, पाहुण्यांच्या घरी ओल्या पायांनी चालावं तसे चालत होते. सगळे जोडीने होते किंवा घोळक्याने होते. कोणी फुलाकडे पाही आणि मग मान वळवून शेजारच्या माणसाकडे पाही, आणि तिच्या लक्षात आलं की फूल पाहायला तेवढाच वेळ लागतो; उरलेला सगळा वेळ शेजारच्याला दाखवण्यात जातो. ती मान वळवत नसल्यामुळे तिच्या बागा फार लवकर संपत होत्या. एका गुलाबापाशी एक फोटोवाले गृहस्थ, गळ्यात मोठा कॅमेरा, तिला म्हणाले, "जरा बाजूला होता का? शाल येतेय फोटोत." ती झाली.

शेवटच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि आधी वास आला. तिला वासाची कल्पनाच नव्हती. इतक्या वर्षांत या बागेला काही वास असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं: पाणी घातलेली माती, लिंबाचा मोहर, कुजलेल्या पानांचं खत, अंजिराच्या पानांचा तो चिकासारखा कडसर वास. ती दाराशीच थांबली, मागच्यांनी "पुढे चला हो" म्हणेपर्यंत. मग एकेक गोष्ट उलगडू लागली आणि प्रत्येक वेळी ती थोडी खजील होत गेली. वरून जे इवलंसं तळं वाटे, ज्याच्यात मासे असतील असं तिने ठरवून टाकलं होतं, ते मध्ये कापलेलं निळ्या प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्यात झारे बुचकळून ठेवले होते. कुंपणाशी वर्षभर फुलणारी पांढरी फुलं म्हणजे रोपांना पाखरांनी खाऊ नये म्हणून पालथे घातलेले दह्याचे डबे निघाले. याच फुलांबद्दल तिने धाकट्याला फोनवर सांगितलं होतं. बाग तिच्या मनातल्यापेक्षा लहान होती, दाटीवाटीची होती, आणि अंजिराला चांगलं जाड, कमरेएवढ्या घेराचं खोड होतं. त्याच्याखालच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. लांब नाक, लोंबलेले कान, डोळ्यांवर जाड चष्मा. हा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता. झाड बघतेय असं दाखवत ती बाकाच्या मागून एक वळसा घालून आली आणि तिने खात्री करून घेतली. डावीकडे काळा डाग होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"या, बसा," ते म्हणाले. आवाज बारीक होता, शाळेतल्या पोराचा असावा तसा. "उन्हात उभ्या राहू नका. आणि ही शाल कशी काय सोसते हो तुम्हाला?"

तिने शालीचं टोक चाचपलं. ते तिच्याकडे बघत होते, अगदी प्रेमाने बघत होते, जसे ते सकाळपासून आलेल्या प्रत्येकाकडे बघत असणार. चष्म्याच्या काचेत ती होती, मोहरीच्या रंगाचा एक ठिपका. 'मी वरची' हे दोन शब्द तिच्या तोंडात तयार होते आणि ते बाहेर काढायला तिला एवढा वेळ का लागतोय हे तिलाच कळेना. तेवढ्यात गवती टोपीवाल्या काकू पाच-सहा जणांचा घोळका घेऊन तिथे आल्या, फोटोवालेही त्यांच्यात होते, आणि काकूंनी अंजिराच्या खोडावर थाप मारली. "हे लावलं फळांसाठी," त्या म्हणाल्या. "फळं सगळी पाखरं खातात. पण ह्यांच्या खांद्याला उपयोगी पडलं. ह्यांचा खांदा असा धरला होता, की सदऱ्यात हात घालून द्यायला मी लागायचे. लहान बाळच झालं होतं आमच्याकडे. मग व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी हात वर करायचा, जेवढा जाईल तेवढा, तिथे थांबवायचा, खाली आणायचा, परत करायचा. आधी ही कडेला आलेली खालची फांदी धरली. मग ही. आता ती वरची, ती दिसते ना, तिथपर्यंत जातो हात."

"आणि मान खाली जाता कामा नये," काकांनी पुस्ती जोडली. "मान गेली की सगळं फुकट. वर एका ठिकाणी नजर लावून ठेवायची. मी ती खिडकी धरलीय. ती बघा, त्या मोठ्या बिल्डिंगीत, सगळ्यात वरच्याच्या खालची. बाकीच्या खिडक्यांत काही ना काही चालू असतं, कोणी कपडे झटकतं, कोणी पोराला ओरडतं, आपलं लक्ष जातं. ती बरी आहे. तिथे काही हलत नाही."

"कोणी राहतच नाही वाटतं," काकू म्हणाल्या. "दिवा पण कधी दिसत नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं, म्हणून तिनेही पाहिलं. खिडकी सापडायला तिला वेळ लागला. तिला आपलं घर बाहेरून माहीत नव्हतं. मग सापडली. एक काच, काचेत आकाश, आकाशात एक ढग. मागे पडदा आहे की भिंत आहे की माणूस आहे, काही कळायला मार्ग नव्हता. दिवा लावला की काचेत आपणच दिसतो आणि बाग दिसत नाही, म्हणून त्या खोलीत ती दिवा लावत नसे. तिथे उभी राहून तिने हात वर केला होता. तापातून उठून केला होता. वाढदिवसाच्या दिवशी दोन्ही हात केले होते. तिला एकदम त्या खोलीत काचेमागे उभी असलेली ती बाई दिसली, हात वर केलेली, हसणारी, चहा निवत ठेवलेली, आणि तिची इतकी लाज वाटली की पायाखालची फरशी दुभंगली तर बरं असं तिला झालं. आणि लाजेच्याही खाली काहीतरी होतं, ते लाजेपेक्षा वाईट होतं. उद्या सकाळ होणार होती, आणि त्या सकाळी तिला कोणी नव्हतं. उद्याच नव्हे; मागच्या सगळ्या सकाळीही हातातून निसटून चालल्या होत्या, एकेक, आईच्या दुसऱ्या कपापर्यंत.

"करून दाखवा की काका," फोटोवाले म्हणाले. "एक मस्त फोटो होईल."

काका हसत उठले. पाठ ताठ केली, हनुवटी उचलली, नजर वर त्या खिडकीला लावली आणि उजवा हात उचलला. सावकाश, जेवढा जाईल तेवढा. हा हात तिला पाठ होता. कोपर कुठे थोडं अडेल, मग कसं सुटेल, बोटं शेवटी कशी पसरतील, सगळं तिला माहीत होतं. जवळून तो फक्त मोठा दिसत होता, सुरकुतलेला, नखांत माती असलेला. बोटं फांदीला टेकली. लोक हसले, कोणी टाळी वाजवली. मग हसू हळूहळू थांबलं आणि सगळे तिच्याकडे बघू लागले, तेव्हा तिला समजलं की आपलाही हात वर गेला आहे. शाल घसरून खांद्यावरून लोंबत होती आणि हात सरळ आभाळात होता. तिने तो केला नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीने तो आपला आपणच गेला होता, आणि आता तो खाली कसा आणावा हे तिला सुचत नव्हतं.

काकांनी फांदी सोडली. क्षणभर ते तिच्या हाताकडे आणि मग तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि तिला वाटलं, आता. आता ओळखतील.

"तुमचाही खांदा?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"तरीच शाल. उबेत ठेवताय. उजवा?"

"उजवा."

"कधीपासून?"

"आई गेली तेव्हापासून."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. "अंथरुणावर होत्या का? मग तेच. उचलाउचल करून करून जातो खांदा. करताना कळत नाही, माणूस गेल्यावर दुखायला लागतो." घोळका काकूंच्या मागून लिंबाकडे सरकला होता. काका पुढे आले. "हात जातोय चांगला तुमचा, पण कोपर वाकतंय. असं बघा." त्यांनी एका हाताने तिचं कोपर खालून धरलं आणि दुसरा तळवा तिच्या खांद्यावर ठेवला. "सैल सोडा. तुम्ही उचलू नका, मी उचलतो." तिला सैल सोडता येईना. आपल्याला कोणी हात लावून किती काळ लोटला हे तिला आठवेना. दुकानात सुटे पैसे घेताना बोटं लागतात, तेवढंच. त्यांचा तळवा गरम होता, खरखरीत होता आणि त्याला अंजिराच्या चिकाचा वास येत होता. "सोडा, सोडा," ते बारीक आवाजात म्हणत राहिले, घाबरलेल्या जनावराला म्हणावं तसं, आणि मग तिचा हात सुटला, सगळं वजन त्यांच्या हातात गेलं, आणि ते तो वर नेऊ लागले.

"हे असं रोज," ते म्हणाले. "एक दिवस चुकवायचं नाही. पहिल्यांदा कोपर धरायला माणूस लागतं मात्र. घरी आहे ना कोणी?"

एवढा साधा प्रश्न. डॉक्टर विचारतात, गॅसवाला विचारतो. त्याची उत्तरं तिच्याकडे तयार होती, इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेली: आहेत की, अगदीच कोणी नाही असं नाही, शेजारी चांगले आहेत, काका आहेत. तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा हात त्यांच्या हातात होता.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नाही."

"मग भिंतीशी करा," काका म्हणाले. त्यांनी तिचा हात अलगद खाली आणून तिच्या कडेला ठेवला. "भिंतीवर बोटं चालवत न्यायची वर. भिंतीनंही होतं. वेळ लागतो जरा." मग फाटकातून नवे लोक आले आणि ते त्यांच्याकडे वळून म्हणाले, "या, या. उन्हात उभे राहू नका."

ती बाहेर आली. गल्लीत बंगल्याच्या कुंपणाला आणि तिच्या बिल्डिंगीच्या मागच्या भिंतीला धरून कचऱ्याचे डबे होते, दोन स्कूटर होत्या, सावली होती. वर जायचं तर पुढून वळसा घालून लिफ्टशी जावं लागलं असतं, आणि तिला वर जायचं नव्हतं. तिने तिथेच उभ्या उभ्या धाकट्याला फोन लावला. त्याने लगेच उचलला. हातातच धरून बसला असावा.

"बोल ताई. जेवलीस?"

"जेवेन आता."

"आणि काका कसे आहेत?" हा त्याचा नेहमीचा दुसरा प्रश्न होता. खोलीचं तो मुद्दामच आधी काढत नव्हता, हे तिला कळलं.

"आज त्यांच्या घरी गेले होते."

"अरे वा. काय म्हणाले?"

"घरी कोणी आहे का, विचारत होते."

"मग?"

"नाही म्हणून सांगितलं. कोणी नाही म्हटलं."

पलीकडे त्याची बायको भांडी विसळत होती, तो आवाज येत होता.

"असं कसं सांगितलंस तू?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एकदम जड झाला होता. "कोणी नाही म्हणजे काय? परक्या माणसाला जाऊन असं सांगतात? मी काय मेलोय का, ताई?"

त्याला लागलं होतं. तो समजूत घालत नव्हता, ती दुखावेल म्हणून जपून बोलत नव्हता. त्याला स्वतःला लागलं होतं, अगदी जिव्हारी, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं, लहानपणी खेळातून त्याला वगळलं की व्हायचं तसं. ती ऐकत राहिली. आपण एक वाक्य बोललो आणि तिकडे, एवढ्या लांब, ते कोणाला तरी जाऊन लागलं. तिने स्कूटरच्या सीटवर हात टेकला आणि गल्लीत, दिवसाढवळ्या, ती रडू लागली, आणि पलीकडून तो घाबरून "ताई, अगं ताई, मी ओरडलो नाही गं, ताई" असं म्हणत राहिला.

"पोरीला खाली आण," ती म्हणाली. "खोली कोणाला देऊ नकोस."